गिधाड ही शिवी नव्हे

आपल्या सभांमधून एक वाक्य नेहमी ऐकू येते. "समाजाचे लचके तोडणारी ही गिधाडे!" वक्ता हात उंचावतो, टाळ्या पडतात. मीही आमच्या चाळीच्या जयंतीच्या व्यासपीठावरून हे वाक्य दोन-तीनदा बोललो आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. आता मी ते बोलत नाही. का बोलत नाही, ते आज वाचक बंधू-भगिनींना सांगावयाचे आहे.

मी शिकलेला माणूस नाही. आठवी पास. पालिकेच्या कचरा गाडीवर मोटर लोडर म्हणून आयुष्य काढले आणि निवृत्त झालो. आमचे मूळ गाव महाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या एका टोकाला आमची वाडी. तिच्या पलीकडे माळ. त्या माळावर गावची मेलेली ढोरे टाकत. वाडी गावाबाहेर आणि माळाच्या तोंडाशी का, हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

माझा आजा १९२७ साली महाडला होता. वय असेल सोळा-सतरा. मार्चच्या १९ आणि २० तारखेला परिषद भरली, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ही गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते. पण आजा तळ्याइतकीच दुसरी एक गोष्ट सांगत असे. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावले की, मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, हलकी कामे टाका, माणसासारखे राहा. आजा गावी परतला आणि वाडीतल्या पाच-सहा जवान पोरांनी मिळून सांगून टाकले, यापुढे आम्ही ढोर ओढणार नाही.

गावाने व्हायचे ते केले. दुकान बंद, शेतावरचे काम बंद. "ढोरं कुजली, पटकी आली, तर त्याचं पाप तुमच्या माथी," असे ऐकवले. पुढे एका शेतकऱ्याची म्हैस मेली. दोन दिवस गोठ्यापाशी पडून राहिली. शेवटी मालकाने स्वतःच दोर बांधला, बैल जुंपले आणि ती माळावर ओढत नेली. आजा हे सांगताना हसायचा. म्हणायचा, "आमी दोर टाकला तवा गावाला वाटलं, आता गाव सडंल. पर सडलं नाय. वरून पाखरं उतरली आन् काम करून गेली. कुनाची जात इचारली नाय त्यांनी."

आजीची आठवण मात्र वेगळी होती. तिच्या सासूच्या वेळी दुष्काळात बाया काठ्या घेऊन गिधाडे हाकलीत आणि त्यांच्या तोंडचे मांस घरी आणीत. हे सांगताना आजी खाली बघायची. ते दिवस आपण बाबासाहेबांच्या एका शब्दावर मागे टाकले. ते परत नकोत, कोणाच्याही वाट्याला नकोत. परंतु आपण त्या कामातून हात काढून घेतला तेव्हा माळ स्वच्छ ठेवला तो या पक्ष्याने, हे मी आजाच्या तोंडून ऐकले आहे.

आणि डोळ्यांनी पाहिलेही आहे. साठ-पासष्टच्या सुमारास मी शाळकरी पोर होतो. माळावर बैल आणून टाकला की आधी कावळे यायचे. मग आभाळात एक ठिपका दिसायचा. एक गिधाड खाली झेपावले की दुरून घिरट्या घालणाऱ्या दुसऱ्याला ते दिसते, त्याच्या मागून तिसरे, असे करत पाऊण तासात चाळीस-पन्नास गिधाडे उतरत. पंखांचा आवाज वाळलेले पान पाटीत ओतावे तसा. आपसात भांडण, फिसफिस, ढकलाढकली. तासाभरात बैलाचा सांगाडा राहायचा. त्याला वास यायचा नाही, माशी बसायची नाही. हाडे गोळा करणारा यायचा आणि तीही घेऊन जायचा. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके जबर असते की सडक्या मांसातले रोगजंतू त्यात मरून जातात. मानेवर पिसे नसतात, त्यामुळे रक्त-घाण चिकटून राहत नाही. हे सारे मी पुढे वाचले. तेव्हा फक्त एवढे कळत होते की, माळ आमच्या दाराशी असूनही आमच्या घरात दुर्गंधी येत नाही.

पुढे मी मुंबईला नोकरीला लागलो. दरवर्षी मे महिन्यात गावी जाणे व्हायचे. १९९६-९७ च्या सुमारास प्रथम ध्यानात आले की, माळावर गिधाडे थोडी दिसतात. ओढ्याकाठच्या मोठ्या आंब्यावर त्यांची घरटी असत, ती ओस पडली. धाकट्या भावाला विचारले तर म्हणाला, "गेली असतील कुठं तरी." आम्ही दोघांनीही पुढे विचार केला नाही. १९९९ च्या मे महिन्यात गेलो तेव्हा माळावर एक गाय पाच दिवसांची पडलेली. वारा वाडीच्या दिशेचा. माझ्या भावजयीने डाळ शिजवली आणि कोणालाच घास गेला नाही.

कुत्रीही आली. गिधाडांची जागा त्यांनी धरली. पूर्वी वाडीत पाच-सात कुत्री, ती सर्वांच्या ओळखीची. आता माळावर वीस-पंचवीसांचे टोळके. शाळेची वाट माळावरून जात होती. २००१ साली माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याच्या पोटरीला त्यातल्या एकाने फाडले. शेजारपाजारच्यांनी चुना लावा, मिरची भरा, अमक्या बुवाकडे न्या, असे सल्ले दिले. भावाने बुवाला घराची पायरी चढू दिली नाही. पण जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. दुसऱ्या गावी नेले, तिथून तालुक्याला. त्या काळी सरकारी दवाखान्यात पोटात सुया देत. पोराने त्या सोसल्या. तो वाचला. आज ट्रक चालवतो, दोन मुलांचा बाप आहे.

त्याच आठवड्यात पलीकडच्या कातकरी वाडीतल्या एका मुलीला कुत्रे चावले होते. तिचे आईबाप भट्टीवर कामाला गेलेले. जखम लहान होती, बरी झाली, म्हणून कोणी दवाखान्यात नेले नाही. दीड महिन्याने ती पाण्याचा पेला पाहून किंचाळू लागली. पुढचे मी लिहीत नाही. तेव्हा आम्ही सर्वांनी कुत्र्याला दोष दिला, दवाखान्याला दिला, नशिबाला कोणी दिला. गिधाडाची आठवण एकालाही झाली नाही.

मला ती झाली मुंबईत. माझी गाडी काही वर्षे ग्रँट रोडच्या भागात फिरत होती. तिथल्या एका इमारतीतले म्हातारे पारशी गृहस्थ सकाळी खाली उभे असत. एके दिवशी त्यांनीच विषय काढला. त्यांच्या धर्मात मृतदेह मलबार हिलच्या दोखम्यात गिधाडांच्या हवाली करतात. म्हणाले, "हवे गीध आवताज नथी. आता आमच्या मेलेल्यांना कोण नेणार?" तिथे उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले, असे त्यांच्याकडूनच कळले. माळावरची गाय आणि मलबार हिलचा दोखमा, दोन्हीकडे एकच पाहुणा यायचा बंद झाला होता.

कारण समजले ते रद्दीतून. कचऱ्यात आलेला पेपर उलगडून वाचायची मला सवय होती. २००४ साली त्यात बातमी होती की, गिधाडे मरण्याचे कारण सापडले. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात आपल्याकडच्या पक्षीशास्त्रज्ञांनी नव्वदीच्या दशकातच ओरड केली होती की, गिधाडे माना टाकून बसतात आणि झाडावरून खाली पडतात. कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे कीटकनाशक. शेवटी पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांच्या तुकडीने मेलेली गिधाडे कापून तपासली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतड्या-काळजावर पांढरी खर साचलेली. त्याचे मूळ निघाले डायक्लोफेनॅक नावाच्या औषधात.

हे औषध आपल्याला परके नाही. गुडघा दुखला की गोळी घेतो, तेच. १९९० नंतर ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागले. ताप, सूज, लंगडणे, कशावरही डॉक्टर तेच टोचत. जनावर बरे झाले तर औषध काही दिवसांत शरीरातून निघून जाते. पण सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेले, तर औषध मांसात राहते. ते मांस खाल्लेले गिधाड थोड्या दिवसांत मरते. एका जनावरावर चाळीस-पन्नास गिधाडे जेवतात, म्हणून विषारी जनावरे फार लागतही नाहीत. शास्त्रज्ञांनी हिशोब केला. शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावर असे असले, तरी गिधाडांचा नायनाट व्हायला पुरे.

ती बातमी कापून मी खिशात घेऊन गावी गेलो. भावाला वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, आपल्या सर्जाला तापात दोन दिवस सुया दिल्या व्हत्या. तिसऱ्या दिवशी गेला. मीच वढत नेला माळावर." सर्जा त्याचा डावा बैल. कर्ज काढून घेतलेला. तो आजारी पडला तेव्हा भाऊ रात्रभर त्याच्या अंगावर पोते टाकून बसला होता. त्याने त्या मुक्या जीवाचे दुखणे कमी व्हावे म्हणून सुई दिली. त्या सुईत कोणते औषध होते, ते त्याला माहीत नव्हते आणि आज कळण्याची सोय नाही. "तुझा दोष नाही," असे मी त्याला म्हणालो. तरी ते त्याच्या मनातून गेलेले नाही, हे मला ठाऊक आहे. एखादे औषध गावोगाव पोहोचवण्याआधी ते कोणाच्या पोटात जाऊन थांबणार, हे पाहण्याची जबाबदारी बैलवाल्या गरिबाची नव्हती.

किती गेली? पांढऱ्या पाठीची गिधाडे, जी आमच्या आंब्यावर असत, ती देशात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारामागे एक उरली. कड्यावर घरटी करणारी लांब चोचीची शंभरात तीन उरली. हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो, पिल्लू वयात यायला पाचएक वर्षे लागतात. पंधरा वर्षांत गेलेले भरून यायला पिढ्या लागतील.

आणि भरपाई कोणी केली? २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास अमेरिकेच्या मोठ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जिथे पूर्वी गिधाडे होती आणि जिथे नव्हती, अशा जिल्ह्यांतील माणसांच्या मृत्यूंची त्यांनी तुलना केली. त्यांचा अंदाज असा की, २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे जादा मेली. सडलेली जनावरे, बिघडलेले पाणी, वाढलेली कुत्री, त्यांचा चावा. तो आकडा वाचला तेव्हा माझ्यापुढे कातकरी वाडीतली ती मुलगी उभी राहिली. माळाजवळ राहतो कोण? ओढ्याचे पाणी पितो कोण? लस शोधत तीन गावे पायी फिरतो कोण? पक्षी मेला, तर त्याचा भुर्दंड आधी आपल्या वाड्यांना पडतो. म्हणून पक्षी, झाडे, जंगल हा पांढरपेशांचा छंद आहे, असे आपल्यातले काहीजण म्हणतात ते मला पटत नाही.

२०११ साली आमच्या चाळीतली मंडळी बुद्धगया-राजगीरच्या यात्रेला गेली होती, त्यांच्यात मीही होतो. राजगीरला गृध्रकूट पर्वतावर चढलो. पालीत गिज्झकूट. तथागतांनी अनेकदा जिथे वास केला, उपदेश केला, ती ही जागा. गृध्र म्हणजे गिधाड. या डोंगरावर गिधाडे राहत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. शिखराचा आकार गिधाडासारखा आहे म्हणून पडले, असेही सांगतात. सर्वांनी वंदना घेतली. मी डोके वर करून आभाळ पाहिले. एकही गिधाड नव्हते. त्या वेळी मला माझे भाषणातले वाक्य आठवले आणि शरम वाटली. ज्या पक्ष्याच्या नावाच्या डोंगरावर भगवान बुद्ध बसले, त्या पक्ष्याचे नाव मी शिवी म्हणून वापरत होतो. आणि तेही मी? आयुष्यभर लोकांची घाण उचलली आणि त्याच लोकांनी नाकाला रुमाल लावून "ए कचरेवाला" म्हटलेले ऐकले, तो मी?

घाण करणारा स्वच्छ आणि घाण उचलणारा घाणेरडा, हा हिशोब आपल्याला चांगला माहीत आहे. तोच हिशोब आपण या पक्ष्याला लावला.

सगळेच संपले आहे असे नाही. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर २००६ साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ साली त्या इंजेक्शनची बाटली तीन मिलीलिटरचीच असावी असा नियम झाला. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही दोन औषधेही गुरांसाठी बंद झाली. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास करतात. तिथली वीस गिधाडे २०२४ च्या सुरुवातीला आपल्या विदर्भात ताडोबा आणि पेंचला आणली गेली. आमच्या रायगड जिल्ह्यात फणसाडला आणि म्हसळा तालुक्यात चिरगावच्या रानात स्थानिक लोकांनी वन खात्याच्या साथीने उरलेली गिधाडे जपली. त्यांना उंच जुनी झाडे लागतात. जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या भागातली असली असंख्य झाडे आडवी झाली, तो आणखी एक घाव.

दोन वर्षांपूर्वी थंडीत मी नातीला घेऊन म्हसळ्याच्या बाजूला गेलो. घरट्यांजवळ जाऊ नये, पक्षी अंडे सोडून उठतात, म्हणून दूर रस्त्यावरच थांबलो. दीड तास काही नाही. नात कंटाळली. मग डोंगराच्या वर तीन ठिपके आले. पंख न हलवता फिरत होते. ऊन पडले तशी पाठीवरची पांढरी खूण दिसली. नात म्हणाली, "आजोबा, हे तर किती छान उडतात!" तिने पुस्तकात वाकलेल्या मानेचे चित्र पाहिले होते, उडताना पाहिले नव्हते. मी पंचवीस वर्षांनी पाहत होतो.

आता ज्यांची गावाकडे गुरे आहेत, त्यांनी एवढे करावे. जनावराला ताप-सूज आली तर डॉक्टरला स्पष्ट विचारावे, "कोणते औषध देता?" मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हे तपासून सिद्ध झालेले आहे, आणि ते सहज मिळते. माणसाचे इंजेक्शन गुराला देऊ नये. सुया दिलेले जनावर मेलेच, तर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. ते पुरण्याचे काम मालकाने किंवा ग्रामपंचायतीने यंत्राने करावे. कोणा एका वाडीला बोलावणे धाडू नये, धाडले तर जाऊ नये. आणि कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, चुना-मिरची काही भरू नये, त्याच दिवशी लस घ्यावी. जखम लहान असली तरी घ्यावी.

गेल्या जयंतीला आमच्या चाळीतल्या एका तरुणाने व्यासपीठावरून तेच वाक्य म्हटले, "समाजाचे लचके तोडणारी ही गिधाडे!" टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. कार्यक्रम संपल्यावर त्याला चहाला नेले आणि हे सगळे सांगितले. पोरगा समजूतदार. ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग काका, समाजाचे लचके तोडणाऱ्यांना म्हणायचं तरी काय?"

मी म्हणालो, "त्यांचं नाव घे. माणसाचं काम माणसाच्या नावावर लाव. गिधाडानं जिवंताला कधी हात लावला नाही, बाबा."

जयभीम!